काढलेले चुकीचे आईवडील वंशवृक्षात परत येतात: न्यू इंग्लंडच्या पहिल्या वसाहतकारांसाठी समस्या निवारण

१६३०च्या दशकात इंग्लंडहून मॅसॅच्युसेट्सला, म्हणजे अमेरिकेच्या ईशान्येकडच्या न्यू इंग्लंड भागात, आलेला एखादा माणूस घ्या. ऑनलाइन वंशवृक्षात त्याला इंग्लंडमधले आईवडील जोडलेले दिसतात. आधार काय म्हणून पाहावं तर दुसऱ्या कुणाचा तरी वंशवृक्ष, आणि त्याला आधार तिसऱ्याचा. तुम्ही मूळ नोंदी काढता, ते जोडपं याचं नाही हे स्पष्ट होतं, नातं काढून टाकता. थोड्या दिवसांनी तेच जोडपं परत जागेवर बसलेलं असतं. पुन्हा काढलं की पुन्हा येतं. कधी तेच, तर कधी त्याच आडनावाचं दुसऱ्या काउंटीतलं.

मराठी माणसांकडून हा प्रश्न दोन कारणांनी येतो. अमेरिकेत स्थायिक झालेल्या घरांत सून किंवा जावई न्यू इंग्लंडच्या जुन्या घराण्यातला असतो, नातवंडांना शाळेत वंशवृक्ष काढायला सांगतात, आणि आजीआजोबा हौसेने कामाला लागतात. दुसरं कारण आपल्याच मातीतलं. बोस्टनच्या अमेरिकन बोर्ड या मिशनरी संस्थेने पाठवलेले गॉर्डन हॉल आणि सॅम्युएल नॉट १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरला मिशनचं काम सुरू झालं. त्या मिशनरी कुटुंबांचा मागोवा घेणारे अभ्यासक काही पिढ्या मागे गेले की सतराव्या शतकातल्या याच वसाहतकारांपाशी येऊन थांबतात. दोघांनाही उपाय एकच लागतो, म्हणून तो सविस्तर लिहितो आहे.

मूळ कारण

वंशवृक्षातली रिकामी चौकट दोन वेगळ्या गोष्टी सारख्याच दाखवते: 'अजून कुणी शोधलेलं नाही' आणि 'शोधलं, तपासलं, हा तो नव्हे'. तुम्ही नुसतं नातं काढता तेव्हा तुमची सगळी मेहनत त्या रिकाम्या चौकटीत नाहीशी होते. पुढच्या माणसाला ती जागा भरायची राहिलेली वाटते. सॉफ्टवेअरलाही तसंच वाटतं, आणि ते सुचवण्या देऊ लागतं. सुचवणी येते ती बहुतेकदा इतर वंशवृक्षांवरून, म्हणजे त्याच चुकीच्या नकलांवरून. शंभर ठिकाणी तेच नाव दिसलं की नवख्या माणसाला ते सिद्ध झाल्यासारखं वाटतं, पण त्या शंभर नकला मिळून एकच विधान असतं.

त्यात भर नावांची. त्या काळच्या इंग्लंडमध्ये जॉन, थॉमस, विल्यम, एलिझाबेथ, मेरी अशी मोजकीच नावं फिरून फिरून येतात. १६३० ते १६४० या काळात साधारण वीस हजार माणसं न्यू इंग्लंडला आली. १६४० मध्ये लंडनला पार्लमेंट बसलं, राजकारणाचं वारं फिरलं आणि हा ओघ आटला. आलेल्यांपैकी पुष्कळांचं मूळ गाव कोणत्याही कागदावर नाही. इंग्लंडच्या पॅरिशच्या, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीच्या, बाप्तिस्मा-लग्न-दफनाच्या वह्यांत मात्र तीच नावं ढिगाने सापडतात. नाव जुळतं, वय साधारण बसतं, आणि माणूस जोडला जातो.

पहिली तपासणी: समुद्र ओलांडणारा कागद आहे का?

बाप्तिस्म्याची नोंद सापडली म्हणजे आईवडील सापडले, असं होत नाही. अमुक वर्षी अमुक गावात त्या नावाचं मूल होतं, एवढंच ती नोंद सांगते. ते मूल मोठं होऊन जहाजात बसलं हे दाखवणारा दुसरा कागद लागतो. इकडचं गाव आणि तिकडचं गाव, किंवा इकडची माणसं आणि तिकडची माणसं, एकाच कागदावर आली पाहिजेत. माझ्या मते सगळ्या शोधाचा जीव यातच आहे. बाकीच्या तपासण्या यानंतर.

असे कागद कुठे मिळतात? इंग्लंडमध्ये मागे राहिलेल्या नातेवाइकाचं मृत्युपत्र हे सर्वांत फलदायी ठिकाण. कँटरबरीच्या वरिष्ठ धर्मन्यायालयात नोंदलेली मृत्युपत्रं लंडनजवळच्या क्यू इथल्या नॅशनल आर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ती ऑनलाइन शोधता येतात. 'न्यू इंग्लंडात असलेला माझा मुलगा' किंवा 'समुद्रापलीकडे गेलेली माझी बहीण' असा एखादा उल्लेख मिळाला तर वर्षानुवर्षांचा गुंता एका ओळीत सुटतो.

जॉन हार्वर्डचं उदाहरण पाहा. ज्याच्या नावाने विद्यापीठ उभं आहे, तो १६३७ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी चार्ल्सटाउनला वारला. तो कुणाचा मुलगा हे त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षं कुणाला सांगता येत नव्हतं. १८८०च्या दशकात हेन्री फिट्झगिल्बर्ट वॉटर्स या संशोधकाने लंडनमधली मृत्युपत्रं चाळून उत्तर काढलं: वडील रॉबर्ट हार्वर्ड, लंडनच्या सदर्क भागातले खाटीक, आणि आई कॅथरिन रॉजर्स, स्ट्रॅटफर्ड-अपॉन-एव्हनची. इथे शिकण्यासारखी गोष्ट अशी की आईचं मृत्युपत्र हार्वर्ड या आडनावाखाली नव्हतंच. रॉबर्ट १६२५च्या प्लेगमध्ये गेला, त्यानंतर कॅथरिनने आधी एलेटसन आणि मग यीअरवुड अशी दोन लग्नं केली. मृत्युपत्र सापडलं ते यीअरवुड या नावाने, आणि त्यात धर्मगुरू झालेल्या आपल्या मुलाचा, जॉन हार्वर्डचा, स्पष्ट उल्लेख आहे. म्हणून तुमच्या माणसाच्या आडनावाखाली मृत्युपत्र मिळालं नाही तर शोध सोडू नका. विधवा आईची पुढची लग्नं, बहिणींची सासरची आडनावं, आजोळचं आडनाव, सगळं शोधा. आडनावापाशीच अडकल्यामुळे जितके शोध थांबतात तितके नोंदी नष्ट झाल्यामुळे थांबत नसावेत.

दुसरं ठिकाण म्हणजे सोबत आलेली माणसं. लोक एकेकटे क्वचित आले. एखाद्या धर्मगुरूमागे आख्खी वस्ती निघाली. यॉर्कशायरच्या राउलीहून इझिकिएल रॉजर्स १६३८ मध्ये आपली माणसं घेऊन आला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये त्याच नावाचं गाव वसलं. नॉरफोकच्या हिंगमहून पीटर होबार्टची मंडळी आली आणि इकडे दुसरं हिंगम उभं राहिलं. या हिंगमचा टाउन क्लर्क डॅनिएल कुशिंग याने कोण कोणत्या साली आलं याची यादी लिहून ठेवली, ही तर अभ्यासकांची चंगळच. सगळ्या गावांना असा कुशिंग लाभला नाही. तरी शेजारी कोण, जामीन कोण राहिलं, मृत्युपत्रावर साक्षीदार कोण, जमिनीची हद्द कुणाला लागून आहे, हे टिपलं की एक घोळका तयार होतो. त्या घोळक्यातल्या दोघातिघांचं मूळ गाव ठाऊक असेल तर शोध त्या परिसरात आधी करावा. तेवढ्यावर नातं मात्र जोडू नये.

दुसरी तपासणी: सुचवलेला माणूस इंग्लंडमध्येच तर राहिला नाही ना?

ही सर्वांत सोपी आणि सर्वांत कमी केली जाणारी तपासणी. बाप्तिस्म्याची नोंद सापडली की त्याच पॅरिशची दफनाची वही उघडा आणि पुढची पाच-सात वर्षं वाचा. लहान मुलं फार दगावत. वंशवृक्षांत जोडलेली कितीतरी बाळं दोन वर्षांची होण्याआधीच त्याच चर्चच्या आवारात पुरलेली असतात. घरात त्याच नावाचं दुसरं मूल पुन्हा बाप्तिस्मा घेताना दिसलं, तरी पहिलं गेलं असण्याची शक्यता मोठी.

मूल जगलं असेल तर पुढे वाचा. तुमचा माणूस १६३५ मध्ये बोस्टनजवळ जमीन घेतो आणि इंग्लंडमधल्या त्या पॅरिशच्या वहीत त्याच नावाचा बाप १६३८ मध्ये मुलाचा बाप्तिस्मा करतो, तर तो वेगळा. तिकडे १६५० मध्ये त्याचं दफन झालं, तर विषयच संपला. पॅरिशच्या वह्या ठेवण्याचा हुकूम १५३८चा, पण सुरुवातीच्या बऱ्याच वह्या गहाळ आहेत. मूळ वही नसेल तर बिशपकडे दरवर्षी पाठवल्या जाणाऱ्या नकला १५९८ पासून असू शकतात, त्या पाहा. आणि शक्य तिथे वहीच्या पानाचं छायाचित्र पाहा. सूचीत दफनं अनेकदा नसतातच, त्यामुळे सूचीत नाही म्हणजे दफन झालं नाही, असं धरू नका.

स्टीफन हॉपकिन्सच्या बाबतीत काय झालं ते पाहण्यासारखं आहे. हा १६२० मध्ये वसाहतकारांना घेऊन आलेल्या मेफ्लॉवर जहाजावरचा प्रवासी. त्याआधी १६०९ मध्ये सी व्हेंचर जहाज बर्म्युडाला फुटलं तेव्हा त्यावरही होता. तो ग्लॉस्टरशायरमधल्या वॉटन-अंडर-एजचा आणि त्याची पहिली बायको कॉन्स्टन्स डडली, असं अनेक दशकं छापलं जात होतं. १९९८ मध्ये हॅम्पशायरमधल्या हर्स्ली गावच्या नोंदी पुढे आल्या. स्टीफन हॉपकिन्सची मुलं म्हणून एलिझाबेथ, कॉन्स्टन्स आणि जाइल्स यांचे बाप्तिस्मे तिथे ओळीने सापडले, आणि बायकोचं नाव निघालं मेरी. मेफ्लॉवरवर त्याच्यासोबत आलेल्या मोठ्या मुलांची नावं कॉन्स्टन्स आणि जाइल्स. एकटा स्टीफन जुळला असता तर काही सिद्ध होत नव्हतं, पण बापासह कॉन्स्टन्स आणि जाइल्स ही जोडी योग्य वयात एकाच घरात जुळते तेव्हा योगायोगाला जागा उरत नाही. कॉन्स्टन्स डडली मात्र आजही वंशवृक्षांत अधूनमधून डोकं वर काढते.

तिसरी तपासणी: एकाच गावात एकाच नावाचे किती?

मॅसॅच्युसेट्सच्या हिंगममध्ये सुरुवातीच्या काळात थॉमस लिंकन नावाचे चार जण होते. गावाने त्यांना धंद्यावरून वेगळं केलं: गिरणीवाला थॉमस, विणकर थॉमस, पिंपं बनवणारा थॉमस आणि शेतकरी थॉमस. गिरणीवाला पुढे टॉन्टनला गेला. विणकर हा सॅम्युएल लिंकनचा (याच्याविषयी पुढे येईल) भाऊ, आणि तो निपुत्रिक वारला. आता एखाद्या वंशवृक्षात विणकराच्या खाली मुलांची रांग दिसली, तर ती मुलं बाकीच्या तिघांपैकी कुणाची तरी आहेत हे उघड आहे. चौघांच्या नोंदी एकत्र करून एकच थॉमस बनवला की त्याला तीन बायका, दोन गावं आणि चार धंदे होतात, आणि इंग्लंडमधले कोणतेही आईवडील त्याला कुठून ना कुठून तरी बसतात. चुकीचे आईवडील परत येण्यामागे पुष्कळदा हेच असतं. माणूसच मुळात दोन-तीन माणसांची गोळाबेरीज असतो, आणि ती सोडवल्याशिवाय वरची पिढी स्थिर होत नाही.

सोडवण्याची रीत अशी. कागदावर एक तक्ता काढा. गावात त्या नावाची प्रत्येक नोंद तारखेच्या क्रमाने एकेका ओळीत लिहा: जमीन, चर्चचं सदस्यत्व, जूरी, कर्ज, मूल, मृत्यू. नोंदीत धंदा, बायकोचं नाव, सही की खूण, हे जे असेल ते बाजूला लिहा. एक जण नाव लिहितो आणि दुसरा फक्त खूण करतो, एवढ्यावरूनही दोघे सुटे होतात. ज्युनिअर आणि सीनिअर यांवर विसंबू नका. सतराव्या शतकात त्याचा अर्थ गावातला धाकटा आणि थोरला एवढाच. ते बापलेक असतीलच असं नाही. थोरला वारला किंवा गाव सोडून गेला की कालचा ज्युनिअर आज सीनिअर होतो.

लिंकन घराण्याचा विषय निघालाच आहे तर अब्राहम लिंकनचीच गोष्ट सांगितली पाहिजे. सॅम्युएल लिंकन हा त्याचा पूर्वज. १६३७ मध्ये नॉरिचचा विणकर फ्रान्सिस लॉज याच्याकडे काम शिकणारा उमेदवार म्हणून तो जहाजात चढला. प्रवाशांच्या चौकशीत त्याचं वय १८ लिहिलंय, नॉरफोकच्या हिंगममधला बाप्तिस्मा मात्र २४ ऑगस्ट १६२२चा, म्हणजे पुरता १५चाही नाही. तरी नातं टिकतं, कारण भाऊ थॉमस विणकर आधीच इकडे होता आणि गावं, धंदा, भाऊ असे बाकीचे दुवे पक्के आहेत. म्हणून नुसत्या वयाच्या फरकावरून कुणालाही बाद करू नका. सांगितलेलं वय हा त्या काळात अंदाज असे, आणि कधीकधी सोय.

खुद्द अब्राहम लिंकनला हे काही ठाऊक नव्हतं. १८४८ मध्ये हिंगमच्या सॉलोमन लिंकनने त्याला घराण्याबद्दल विचारलं तेव्हा दोघांत पत्रव्यवहार झाला. पुढे १८५९ मध्ये लिहिलेल्या छोट्या आत्मवृत्तात लिंकन सांगतो की न्यू इंग्लंडच्या लिंकनांशी आपलं नातं जोडण्याच्या प्रयत्नातून मॉर्डेकाय, सॉलोमन, अब्राहम अशा नावांच्या सारखेपणापलीकडे ठोस काही हाती लागलं नाही. पुढे संशोधकांनी मॅसॅच्युसेट्स, न्यू जर्सी, पेन्सिल्व्हेनिया, व्हर्जिनिया अशी पिढ्यांची वाटचाल दस्तांवरून आणि मृत्युपत्रांवरून जोडली आणि नातं खरं निघालं. नावं सारखी असणं हा शोधाला दिशा देणारा धागा होता, पण ज्याला तो धागा सर्वांत हवासा वाटावा त्याने तेवढ्यावर नातं मानलं नाही. या कामात मला लिंकनची ही शिस्त फार मोलाची वाटते.

तारखांमुळे एकाचे दोन होतात

इंग्लंड आणि त्याच्या वसाहतींत १७५१ पर्यंत नवं वर्ष २५ मार्चला लागायचं. आपल्याकडे पाडव्याला शक बदलतो आणि त्याआधीचा पौष-माघ जुन्या शकात मोजला जातो, तसंच. म्हणून १ जानेवारी ते २४ मार्च या काळातल्या तारखांना दोन सालं लिहितात. जाइल्स हॉपकिन्सचा बाप्तिस्मा ३० जानेवारी १६०७/८चा. एकाने १६०७ लिहिलं, दुसऱ्याने १६०८, आणि वंशवृक्षात दोन जाइल्स तयार झाले. मग कुणीतरी दुसऱ्याला वेगळे आईवडील शोधतो.

प्युरिटन लोक, म्हणजे चर्चमध्ये कडक सुधारणा मागणारे हे वसाहतकार, महिन्यांची नावं टाळून आकडे लिहीत, आणि पहिला महिना मार्च. त्यामुळे अकरावा महिना म्हणजे जानेवारी, बारावा म्हणजे फेब्रुवारी. हे न कळल्याने अकराव्या महिन्याचा नोव्हेंबर होतो. झटकन ओळखायची खूण अशी: समजा मृत्युपत्र नोव्हेंबर १६४२चं आहे आणि मेल्यानंतर केलेली मालमत्तेची यादी जानेवारी १६४२ची दिसते. माणूस मृत्युपत्र करण्याआधीच मेला, असं होत नाही. ती जानेवारी १६४२/३ आहे. नोंद करताना दोन्ही सालं लिहा आणि मूळ वहीत जसं आहे तसं टिपणात उतरवा. १७५२च्या सप्टेंबरमध्ये २ तारखेनंतर थेट १४ तारीख आली. ते अकरा दिवस जुन्या तारखांत मिळवत बसू नका, त्याने गोंधळच वाढतो.

मृत्युपत्रातली नाती

यावर थोडक्यात. त्या काळी 'कझिन' म्हणजे पुष्कळदा पुतण्या किंवा भाचा. 'सन-इन-लॉ' जावई असेल किंवा बायकोचा आधीच्या नवऱ्यापासूनचा मुलगा. 'ब्रदर' मेहुणा असेल, साडू असेल किंवा नुसता चर्चमधला बंधू. 'माझी सध्याची बायको' असं लिहिलं म्हणून आधी एक बायको होतीच असं नाही. पुढे दुसरं लग्न केलं तर मालमत्ता कुणाला जावी हे स्पष्ट राहावं म्हणून वकील तसं लिहीत. या चार ठिकाणी चुकीचं वाचल्यामुळे खोट्या बायका आणि खोटे जावई जन्माला येतात.

छापील आहे म्हणून खरं नाही

गुस्ताव अँजू (१८६३ ते १९४२) नावाचा गृहस्थ न्यूयॉर्कमधून श्रीमंत अमेरिकनांना वंशावळी तयार करून विकायचा. त्याची रीत बेमालूम होती. अमेरिकेतल्या पिढ्या खऱ्या, काही इंग्लिश नोंदीही खऱ्या, आणि दोघांना जोडणारी मृत्युपत्रं व बाप्तिस्मे मात्र रचलेले. नेमकी समुद्र ओलांडणारी कडीच खोटी. अशा अनेक वंशावळी ग्रंथालयांत गेल्या आणि तिथून इंटरनेटवर आल्या. जुन्या छापील वंशावळीत इंग्लंडचा भाग एकदम भरजरी झाला, सरदार आणि राजे दिसू लागले, पण कोणत्या गावची वही आणि कोणतं मृत्युपत्र हे कुठेच नसेल, तर ती बाजूला ठेवा.

सगळ्याच चुका लबाडीच्या नसतात. मेफ्लॉवरवरच्या जॉन हाउलंडची बायको एलिझाबेथ ही गव्हर्नर कार्व्हरची मुलगी, असं घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या सांगत आले. मेफ्लॉवरच्या प्रवाशांनी वसवलेल्या प्लिमथचा गव्हर्नर विल्यम ब्रॅडफर्ड याने लिहिलेल्या वसाहतीच्या इतिहासाचं हस्तलिखित लंडनच्या बिशपच्या संग्रहात सापडलं आणि १८५६ मध्ये छापलं गेलं, तेव्हा ती जॉन टिलीची मुलगी हे कळलं. तिचा १६०७चा बाप्तिस्माही पुढे बेडफर्डशायरच्या हेन्लो गावी मिळाला. त्याच जहाजावरच्या माइल्स स्टँडिशची दुसरी बायको बार्बरा ही पहिलीची बहीण, हे अजून कुठे कुठे सापडतं. त्याला पुरावा नाही आणि तिचं माहेरचं आडनावही माहीत नाही. जॉन ऑल्डन साउथॅम्प्टनला पिंपांच्या कामासाठी जहाजावर घेतला गेला, एवढं ब्रॅडफर्ड सांगतो. तेवढ्यावरून त्याला साउथॅम्प्टनचे आईवडील चिकटवू नयेत.

दुरुस्तीचा क्रम

बहुतेक जण आधी नातं तोडतात आणि मग कारण लिहायचं राहून जातं. क्रम उलटा ठेवा.

आधी टिपण लिहा, आणि ते पानाच्या अगदी वर दिसेल असं ठेवा. फॅमिलीसर्च आणि विकीट्री या सगळ्यांनी मिळून एकच सामायिक वंशवृक्ष लिहायच्या वेबसाइट. फॅमिलीसर्चवर टिपणाला 'अलर्ट नोट' करण्याची सोय आहे, ती याचसाठी. विकीट्रीवर चरित्राच्या सुरुवातीलाच वादग्रस्त आईवडिलांचा परिच्छेद घालता येतो, आणि १७०० पूर्वीच्या माणसांची पानं बदलण्याआधी तिथे वेगळी पात्रता घ्यावी लागते, त्यामुळे बदल टिकतात. टिपण इंग्रजीतच लिहा, कारण वाचणारे तिकडचे असतील. मजकूर साधारण असा असावा: 'याचं इंग्लंडमधलं मूळ अज्ञात आहे. अमुक गावचे अमुक आणि अमुक हे याचे आईवडील नव्हेत, कारण त्यांच्या या नावाच्या मुलाचं दफन त्याच पॅरिशमध्ये अमुक तारखेला झालं. वहीचं छायाचित्र जोडलं आहे. अमुक मृत्युपत्रं तपासली, उल्लेख नाही. नवा पुरावा असल्यास जोडण्याआधी इथे लिहावं.' खाली तारीख. 'चुकीचे आईवडील जोडू नका' एवढंच लिहिलं तर कुणी जुमानत नाही. गाव, तारीख, वही दिली की माणसं थबकतात.

मग नातं काढा, आणि काढताना कारणाच्या चौकटीत त्याच टिपणाचा सारांश लिहा. चौकट रिकामी सोडू नका, पुढे बदलांच्या इतिहासात तेवढंच दिसतं.

यानंतरचं काम सगळ्यांत परिणामकारक आहे आणि ते जवळजवळ कुणी करत नाही. तो जो इंग्लंडमधला समनामी आहे, त्याला त्याचं स्वतःचं आयुष्य द्या. त्याचं वेगळं पान त्याच्या खऱ्या आईवडिलांखाली ठेवा, त्याचं दफन जोडा, जगला असेल तर बायको, मुलं, मृत्युपत्र जोडा. मोकळा, पुढचा पत्ता नसलेला समनामी सुचवण्यांमध्ये सतत येत राहतो. दफन झालेला माणूस तसा सहसा पुढे येत नाही. फॅमिलीसर्चने दोघे एकच आहेत का असं विचारलं तर 'नॉट अ मॅच' निवडा आणि तिथेही कारण लिहा. न केलेली निवड पुढच्या माणसासाठी उघडी राहते.

पान 'फॉलो' करा म्हणजे बदलाची सूचना ईमेलवर येईल. कुणी दोन पानं चुकून एकत्र केली असतील तर लगेच उलटवा. मध्ये आणखी बदल झाले की ते काम किचकट होतं, आणि 'लेटेस्ट चेंजेस'मधून एकेक गोष्ट परत आणावी लागते. मूळ अज्ञात आहे याला दुजोरा हवा असेल तर बोस्टनच्या न्यू इंग्लंड हिस्टॉरिक जिनिऑलॉजिकल सोसायटीने १९८८ पासून चालवलेल्या ग्रेट मायग्रेशन प्रकल्पाची टिपणं पाहा. रॉबर्ट चार्ल्स अँडरसन यांनी प्रत्येक कुटुंबासाठी मूळ गावाचा रकाना ठेवला आहे आणि पुरावा नसेल तिथे तो सरळ अज्ञात म्हणून सोडला आहे. त्याचा हवाला टिपणात दिला की वाद बराच कमी होतो.

डीएनएने सुटेल का?

बारा पिढ्या मागे ४,०९६ पूर्वज येतात. त्यांतल्या एका जोडप्याचा वारसा साध्या डीएनए चाचणीतून ठरवता येत नाही. एवढ्या दुरून पुष्कळ पूर्वजांचा एकही तुकडा आपल्यात उरलेला नसतो. जुळणाऱ्या माणसांच्या वंशवृक्षांत तेच जोडपं दिसलं तरी ते त्याच नकलेवरून आलेलं असू शकतं. बापाकडून मुलाकडे जाणाऱ्या वाय-डीएनएचा मात्र उपयोग होतो. दोन समनामी वसाहतकारांच्या सरळ पुरुष वंशातल्या आजच्या पुरुषांची चाचणी जुळली नाही, तर त्या दोघांना एकाच बापाची मुलं मानण्याआधी कागद पुन्हा तपासावे लागतील.

व्हर्जिनियासाठी वेगळा हिशोब

वरचं सगळं न्यू इंग्लंडला लागू आहे. व्हर्जिनियात चर्चच्या वह्या कमी टिकल्या, कित्येक काउंट्यांची न्यायालयं जळाली, आणि आणलेल्या प्रत्येक माणसामागे ५० एकर जमीन मिळे, त्या दाव्यांतली नावं हाच मोठा आधार उरतो. त्या यादीतलं साल जमिनीच्या दाव्याचं आहे, आगमनाचं नव्हे. माणूस कितीतरी आधी आलेला असू शकतो.

कुणी ऐकतच नसेल तर

एकच व्यक्ती पुन्हा पुन्हा तेच आईवडील जोडत असेल तर तिला निरोप पाठवा, पण 'तुम्ही चूक आहात' असं सुरू करू नका. एक प्रश्न विचारा: याचं इंग्लंडमधलं गाव आणि इकडचं गाव दोन्ही ज्यात आहेत असा कागद तुमच्याकडे कोणता? बहुतेकांकडे दुसऱ्याचा वंशवृक्ष असतो, आणि विचारल्यावर ते त्यांच्याच लक्षात येतं. कधीमधी मात्र समोरून एखादं मृत्युपत्र येतं, जे तुम्ही पाहिलेलं नसतं. ते नीट वाचा, क्यूच्या संग्रहातून मूळ प्रत काढून ताडून पाहा, आणि पटलं तर आईवडील स्वतः जोडून टिपणावर नवी तारीख घाला.